पत्र्याचा डबा आणि विदर्भातला मे

जालन्याच्या पुढे एका ढाब्यावर जेवून आम्ही आमच्या राहायच्या गाडीकडे परतलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. गाडी पाऊण तास उन्हात उभी होती. दार उघडलं आणि भट्टीचं झाकण काढावं तशी झळ तोंडावर आली. ओट्याशेजारी चिकटवलेला चिमुकला तापमापक ५१ दाखवत होता. बाहेर ४२ होतं. म्हणजे ज्या घरात पुढचे पंधरा दिवस राहायचं, ते उन्हापेक्षाही नऊ अंशांनी तापलेलं. अकरा वर्षांची लेक शांतपणे म्हणाली, "आई, आपण ढाब्यातच राहू या का?"

मी शिक्षिका. मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यातच, आणि ताडोबात वाघ दिसायचा तर पाणवठे आटलेल्या मे महिन्यातच. त्यामुळे "उन्हाळ्यात विदर्भात कोण जातं?" या प्रश्नाला आमचं उत्तर तयार होतं. गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आधीच्या मालकाने आत दोन पलंग, ओटा, फ्रिज, टाकी वगैरे बसवून घेतलेलं. आम्ही ती नोव्हेंबरात घेतली, डिसेंबरात भंडारदऱ्याला नेली, जानेवारीत मालवणला. थंडीत सगळ्याच गाड्या गुणी असतात.

विकताना तो गृहस्थ म्हणाला होता, "एक टनाचा एसी आहे मॅडम, काळजीच नको." काळजी त्या ढाब्यावरच सुरू झाली. एसी लावला की दहा मिनिटं गार हवा यायची, मग नुसताच पंखा फिरायचा. नवऱ्याने मागची पेटी उघडली तेव्हा कारण कळलं. एसीचा बाहेरचा भाग, जो आतली उष्णता बाहेर फेकतो, तो दिसायला नको म्हणून छान सनमायका लावलेल्या पेटीत बंद केला होता. हवेला दोन बोटांची फट. बिचारा स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता आणि तापून बंद पडत होता. नवऱ्याने पेटीचं मागचं दार काढून थेट पलंगाखाली टाकलं. एसी नीट चालायला लागला.

मग बॅटरी संपली. त्याचा हिशोब खरं तर पुण्यात घरी बसून करायला हवा होता. आमची लिथियम बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे अडीच युनिट. एवढ्या उन्हात एसी न थांबता चालतो आणि तासाला एक युनिट खातो. टपावरचे दोन सौर पॅनल अख्ख्या दिवसात अडीच-तीन युनिट देतात, तेही फ्रिज, पंखे आणि मोबाइल धरून. गाडीचा स्वतःचा एसी इंजिन चालू असतानाच चालतो, आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही हे आम्ही आधीपासून ठरवलं होतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर वासही येत नाही.

त्या रात्री कारंज्याला एका लॉजच्या आवारात गाडी लावली आणि त्यांच्याकडून वीज घेतली. आमची पंधरा मीटरची वायर घरच्या इस्त्रीला असते तसली पातळ होती. अर्ध्या तासाने जळकट वास आला. प्लग हाताला चटका देत होता. वायर काढली, एसी बंद, आणि रात्री एक वाजता आत ३६, बाहेर ३०. दिवसभर उष्णता प्यायलेला पत्रा आणि प्लायवूड आता ती आमच्यावर ओतत होते. वरच्या पलंगावरून लेक घामाघूम होऊन खाली आली. तापमापक हातात धरून मी उभी राहिले, मग जमिनीवर बसले. छताजवळ ३९, जमिनीलगत ३४. गरम हवा वर जाते हे मी दरवर्षी सातवीला शिकवते, पण गाडीच्या छताला झरोका आहे आणि त्याचा पंखा उलटा फिरवला की तो हवा बाहेर फेकतो, हे मला रात्री सव्वा वाजता सुचलं. झरोका उघडून पंखा बाहेरच्या दिशेने लावला आणि भिंतीकडची खालची एकच खिडकी उघडी ठेवली. तासाभरात आत ३१. तिघंही जमिनीवर चटई टाकून झोपलो.

दुसऱ्या दिवशी पुलगावमार्गे वर्ध्याला नवऱ्याच्या मामांकडे पोचलो. मामा निवृत्त, पण हात स्वस्थ बसत नाहीत असा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत शिरले, छतावरून सावकाश तळहात फिरवला आणि मला म्हणाले, "सूनबाई, हात लावून पाहा बरं."

मी हात फिरवला. छताचं अस्तर थोडं गार, मग एक कढत पट्टा, पुन्हा गार, पुन्हा कढत. डोळे मिटूनसुद्धा गाडीच्या लोखंडी फासळ्या मोजता आल्या असत्या. बांधणाऱ्याने फासळ्यांच्या मधे फोम भरला होता, पण फासळ्या तशाच सोडून त्यांच्यावरच अस्तर स्क्रूने आवळलं होतं. बाहेरच्या पत्र्याची उष्णता लोखंडातून सरळ आत. फोम किती इंचांचा याच्या गप्पा सगळे मारतात, पण उष्णता भिंतीतून कमी आणि अशा पुलांवरून जास्त येते हे मला त्या दिवशी हाताला कळलं.

मग मामा शेजारच्या मेकॅनिकची तापमान मोजायची पिस्तुलासारखी बंदूक घेऊन शिडी लावून टपावर चढले. टप दिसायला भारी म्हणून गडद राखाडी रंगवलेला होता. दुपारी एक वाजता बाहेर ४४, उघड्या टपावर ७१. सौर पॅनलच्या खाली मात्र ४९. पॅनल आणि टप यांच्यात चार बोटांची फट आहे, तिथून वारा खेळतो. मामा वरूनच ओरडले, "तुमच्या गाडीले एसी नाई पायजे, टोपी पायजे!"

पुढचे तीन दिवस टोपीचे. टपाला पांढरा रंग दिला, दोन हात. त्याच वेळी, तशाच उन्हात ७१ चे ५४ झाले. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम हेच. एवढं एकच केलं असतं तरी निम्मी लढाई जिंकली असती. फासळ्यांवर आतून रबरी फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. शेतकरी रोपवाटिकेला लावतात ती हिरवी शेडनेट आणली, चार बांबू आडवे बांधून टपाच्या वर वीतभर उंच ताणली, आणि दुपारच्या उन्हाच्या बाजूला खालपर्यंत सोडली. नेट थेट टपावर अंथरायची नाही. मग नेट तापते आणि टपाला तापवते. गाडी चालवताना हे सगळं काढावं लागतं. मुक्कामाला वीस मिनिटं लावायला, सकाळी पंधरा काढायला. नवरा कुरकुरतो, पण करतो.

काचांचं प्रकरण वेगळंच निघालं. समोरच्या मोठ्या काचेला आम्ही आतून चंदेरी पडदा लावत होतो. पण ऊन एकदा काचेतून आत आलं की ते आलंच. पडदा तापतो आणि खोलीतच तापतो. झाकायचं ते बाहेरून. मामांनी कुठूनसा एक जुना फ्लेक्स पैदा केला, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. मागची पांढरी बाजू उन्हाकडे ठेवायची, म्हणजे छापील बाजू आपोआप आमच्याकडे. पुढचे दहा दिवस एक कुणीतरी भावी नगरसेवक हात जोडून आमच्या पोह्यांकडे बघत होता.

गाडी उभी कशी करायची यालाही शास्त्र आहे. मे अखेरीस नागपूर-वर्ध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. नागपूरचा शून्य सावलीचा दिवस २६ मेच्या सुमारास असतो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेला सुरू होतो. त्यामुळे दुपारी टप सांभाळायचा आणि तीननंतर पश्चिमेची बाजू. आम्ही मागची, लहान खिडकीची बाजू पश्चिमेला करतो. लिंबाखाली जागा मिळाली तर सोनंच, पण मग सौर पॅनल सावलीत जातात. त्यासाठी तिसरं सुटं पॅनल घेतलं, दहा मीटर वायरचं. गाडी सावलीत, पॅनल उन्हात.

आणि कूलर. मी पुण्यात राहणारी, कूलर म्हणजे गरिबांचा एसी असं काहीतरी डोक्यात होतं. मामांनी ओळखीच्या कारागिराकडून आमच्या बाजूच्या खिडकीच्या मापाचा पत्र्याचा लहान कूलर करून घेतला. आत गवताचे पॅड, खाली टिल्लू पंप, एक पंखा. सगळं मिळून १३० वॅट. पहिल्या दिवशी मी तो लावून सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या, एसीच्या सवयीने. पंधरा मिनिटांत आत बाथरूम. चादरी दमट, चष्म्यावर धुकं. मामांनी कपाळावर हात मारला. "कूलरले हवा बाहीर जायले जागा पायजे नं, सूनबाई! समोरची खिडकी उघडा."

समोरची खिडकी वीतभर उघडली, छताचा झरोका उघडला आणि तासाभराने बाहेर ४४ असताना आत ३१ झालं. मी तापमापक दोनदा आपटून पाहिला.

यात जादू नाही, विदर्भाची कोरडी हवा आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता उचलून नेतं. आमचा कूलर दुपारी तासाला सहा लिटर पितो, म्हणजे चार युनिटांएवढी उष्णता. एक टनाचा एसी साडेतीन उचलतो. त्यातली बरीच थंडी खिडकीतून बाहेर जाते हे खरं, पण मोबदल्यात वीज लागते एसीच्या आठव्या हिश्शाएवढी. आमच्या बॅटरीवर हा दुपारभर चालून फ्रिजलाही उरते.

फक्त आता विजेऐवजी पाण्याचा हिशोब सुरू झाला. टाकी १२० लिटरची. दुपारच्या सात तासांत चाळीसएक लिटर एकटा कूलर पितो. ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या वाटेवर एका गावात बायका टँकरमागे हंडे घेऊन उभ्या होत्या आणि आमच्या खिडकीत पाणी नुसतं गवतावरून वाहत होतं. त्या दुपारी मी कूलर बंद केला आणि आम्ही गाडी सोडून एका देवळाच्या पारावर जाऊन बसलो. त्यानंतर भांडी विसळलेलं पाणी कूलरमध्ये टाकावं असं मला सुचलं. ते करू नका. दोन दिवसांत कूलर जुन्या आमटीचा वास मारतो. आंघोळ निम्म्या पाण्यात करायची आणि वाचलेलं स्वच्छ पाणी त्याला द्यायचं, एवढंच जमतं. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर पांढरा क्षार चढतो. दर दोन-तीन दिवसांनी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी फेकून ताजं भरलं तर कमी चढतो.

स्वयंपाक गाडीत अजिबात नाही. गॅसची एक शेगडी अर्धा तास पेटली की कूलरची तासाभराची मेहनत पाण्यात. सकाळी सहालाच नेटच्या सावलीत, बाहेर, भात आणि पिठलं उरकायचं. दुपारी दहीभात, पन्हं, अंबाडीचं सरबत. फ्रिजच्या पाठीमागे बोट घातलं तर तोही गरम हवा थेट खोलीतच सोडत होता. त्याला मामांनी जमिनीत दोन भोकं आणि वर एक जाळी पाडून बाहेरची वाट करून दिली.

ताडोबात वाघ दिसला, पण ती वेगळी गोष्ट. तिथून चिखलदऱ्याला गेलो. साधारण ११०० मीटर उंची. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, हे तिथे पुस्तकातल्यासारखं जाणवतं. घाट चढून वर गेलो आणि संध्याकाळी कूलर लावायची आठवणच झाली नाही. पुढच्या वर्षी दुपारचे मुक्काम उंचावर आणि सपाटीचा प्रवास पहाटे, असं वेळापत्रक करायचं नक्की केलंय.

घरी परतून चार दिवसांत, शाळा सुरू व्हायच्या आत, वेंगुर्ल्याला माहेरी गेलो. आता आम्ही तज्ज्ञ. ऐटीत नेट ताणली, कूलर भरला, समोरची खिडकी वीतभर उघडली. बाहेर फक्त ३४ होतं. तासाभराने आत ३३ आणि पलंगाच्या गादीला हात लावावा तर चिकट. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने भरलेली. तिला आणखी पाणी पाजून ती काय गार होणार? कूलर उतरवून माजघरात ठेवला. भावाने घरातून जाड, ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढून दिली आणि तो पेटीतून सुटलेला एसी, जो विदर्भात ओझं म्हणून नेला होता, इथे पहिल्यांदा मानाने चालला. टप पांढरा, नेट वर, त्यामुळे दर थोड्या वेळाने थांबून दम खायला लागला. भावाने एक गोष्ट वेळेवर सांगितली. सावली बघून मी गाडी माडाखाली लावत होते, तेव्हा तो धावत आला आणि वर बोट दाखवलं. नारळांना पांढरा टप आणि काळा टप सारखाच. गाडी फणसाखाली सरकवली, तीही आधी फणस कुठे लटकलेत ते मोजून.

रात्री नऊला आत २६ झालं. मी आईला कौतुकाने बोलवायला गेले. तिने गाडीच्या दारातून आत मान घातली, एसीकडे बघितलं आणि परत फिरली. "त्या डब्यात कोण निजतला? खळ्यात बघ वारो कसो सुटलो हा."

लेक उशी घेऊन तिच्या मागोमाग गेली. थोड्या वेळाने नवराही. मी एसी बंद केला, फ्रिजमधले आंबे मोजून ठेवले आणि चटई काढली.