शौलाची मेंढरे आणि माझा हिशेब

बुधवार, रात्रीचे साडेदहा

लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे, दिवस चालू आहेत. आजच्या घरगुती प्रार्थनेत पाळकसाहेबांनी बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा १५ वा अध्याय वाचला आणि तो संपेपर्यंत मला मान वर करवली नाही. त्याचे कारण घरी माझ्या पत्नीखेरीज कोणाला ठाऊक नाही, म्हणून ते येथे लिहून ठेवतो.

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी गेली १९ वर्षे हिशेब पाहतो. सूत आले की गोण्या काट्यावर चढवायच्या, लाल आकडा स्थिर झाला की तो आवक रजिस्टरात उतरवायचा आणि चलनावर सही करायची, हे माझे काम. गेल्या गुरुवारी सुताचा दलाल माझ्या टेबलापाशी येऊन बसला. गोणीवर छापलेले वजन ५० किलो असते. काट्यावर ते पाऊण-एक किलो कमी भरले तरी रजिस्टरात ५० लिहावे, एवढेच त्याचे मागणे होते; त्याबद्दल मला दरमहा पैसे मिळणार होते. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, "दिवाणजी, तुम्ही देवाधर्माची माणसं. हे पैसे घरात नेऊच नका. तुमच्या देवळाला द्या की."

आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभागृहाचे पत्रे दोन पावसाळ्यांपासून गळत आहेत आणि मंडळीचा खजिनदार मीच आहे, हे त्याला कोठून कळले होते कोण जाणे. मी "नाही" म्हणालो नाही. "विचार करून सांगतो," असे म्हणालो. त्या रात्री दिनदर्शिकेच्या फाटक्या पानामागे मी आकडे मांडले: महिन्याला ६,००० रुपये, पत्र्यांचा खर्च दीड लाख, म्हणजे २५ महिने. ते २५ मी दोनदा अधोरेखित केले होते.

त्या अध्यायातील इस्राएलचा राजा शौल यानेही असेच केले होते. अमालेकी या शत्रूंचे काहीही राखून ठेवू नये, अशी त्याला परमेश्वराची आज्ञा होती. त्याने त्यांचा राजा अगाग आणि उत्तम मेंढरे व गुरे राखली, आणि वर शमुवेल संदेष्ट्याला सांगितले की, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. तेव्हा शमुवेलाने विचारले, मग माझ्या कानांवर हा मेंढरांचा आवाज कसला येतो? शौलाचे उत्तर तयार होते: लोकांनी ती तुमच्या देवाला यज्ञ करण्यासाठी राखली आहेत. तो अध्याय कठोर आहे आणि त्यातील संहाराची आज्ञा मला आजही सहज वाचवत नाही. पण ते एक उत्तर मला फार जवळचे वाटले, कारण ते माझेच होते. स्वतःसाठी घेतलेल्या पैशाला मी लाच म्हटले असते आणि कदाचित तेथेच थांबलो असतो. देवाचे नाव पुढे आले म्हणून मी तीन दिवस थांबलो नाही.

अरण्यात ४० दिवसांच्या उपवासानंतर प्रभू येशूची परीक्षा झाली, तेव्हा सैतानानेही शास्त्रवचनच पुढे केले होते, तेही ९१ व्या स्तोत्रातले. प्रभूने तिन्ही वेळा बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातील वचनाने उत्तर दिले आणि विचार करण्यासाठी मुदत मागितली नाही. योसेफाला त्याचा मालक पोटीफर याच्या पत्नीने मोह घातला, तेव्हा तोही वाद घालीत बसला नाही. वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला. मोहाशी बोलणे लांबवणे हाच त्याला दिलेला अर्धा होकार असतो, हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला कळावे, याचे फार वाईट वाटते.

रविवारी उपासनेनंतर अर्पण मोजायला बसलो. थैलीत एक दहाची नोट होती, घडी घालून घालून कापडासारखी मऊ झालेली, तंबाखूचा वास असलेली. ती कोणाची ते मला ठाऊक आहे. मंडळीतील ती बहीण दिवसभर विड्या वळते. ती नोट उलगडून इतरांवर ठेवताना माझा हात थांबला. तिच्या नोटेशेजारी, एकाच पावती पुस्तकात, मी काट्यावरचे ते पैसे लिहिणार होतो.

घरी आल्यावर पत्नीने ते पान पुढे ठेवले आणि विचारले, "हे पंचवीस कसलं?" मी सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "नाही म्हणायला तीन दिवस कशाला लागतात?" सोमवारी सकाळी, मीटिंगचे निमित्त न काढता, मी दलालाला फोन करून नकार दिला.

मराठीत आपण आज्ञा पाळण्यालाही ऐकणेच म्हणतो. "पोर ऐकत नाही" म्हणजे त्याला ऐकू येत नाही, असे नव्हे. हिब्रू भाषेतही "शमा" या एकाच शब्दात दोन्ही अर्थ आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, ती १९२२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. पुण्याची गाडी केडगाव सोडते तेव्हा मला नेहमी त्यांची आठवण येते. एका शब्दासाठी इतके थांबणारे माणूस आणि ऐकूनही तीन दिवस न ऐकणारा मी.

आज दुपारी माल आला. पहिली गोणी ४९.२ भरली. हमालाने सवयीने "पन्नास" म्हणून पुकारले, मी ४९.२ लिहिले. पुढच्या प्रत्येक गोणीचा आकडा तसाच उतरवला. ट्रकवाल्याने सही करण्याआधी बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला आणि मग काही न बोलता सही केली. मालक परवा पुण्याहून परततील. रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवायचे आहे, आणि गुरुवारी मी लगेच नाही म्हणालो नव्हतो, हेही सांगायचे आहे. तेवढे अजून राहिले आहे.