पोर्क रोस्ट आणि ६३ अंश

घरातली सगळी मंडळी एकत्र जेवायला बसणार असतील, तेव्हा मी बहुतेक वेळा ओव्हनमध्ये भाजलेला पोर्क रोस्ट करतो. त्याला साहित्य थोडे लागते, हाताखाली कोणी लागत नाही आणि एकदा मांस ओव्हनमध्ये गेले की तास-दीड तास मोकळा मिळतो. असे असूनही हाच पदार्थ कित्येक वर्षे माझ्या हातून कोरडा आणि चिवट होत असे. पाककृतीत 'अर्ध्या किलोला पंचवीस मिनिटे' असे लिहिलेले असायचे; मी वजनाचा हिशेब मांडून गजर लावायचो आणि गजर वाजला की ट्रे बाहेर काढायचो. एका रविवारी सहा जणांसाठी केलेल्या रोस्टचे काप इतके कोरडे निघाले की दोनदा ग्रेव्ही वाढूनही ते घशाखाली उतरेनात. त्यानंतर मी मांसात खुपसायचा एक साधा थर्मामीटर विकत आणला. आज पोर्क रोस्टविषयी मला जे सांगावेसे वाटते, ते बहुतेक सगळे त्या थर्मामीटरमुळेच कळले आहे.

आधी मांसाविषयी. मी लॉइन घेतो, म्हणजे पाठीच्या कण्याला लागून लांबवर जाणारा, कमी चरबीचा स्नायू. हाडे काढलेला, वरच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटर जाडीचा चरबीचा थर ठेवलेला दोन किलोंचा तुकडा सहा जणांना पुरून उरतो. टेंडरलॉइन हा वेगळा भाग आहे. तो बारीक आणि फार तर अर्ध्या किलोचा असतो, त्यामुळे पुढे दिलेली रीत त्याला लागू पडत नाही. खांद्याचे मांस तर अगदीच निराळे. तो सतत राबणारा स्नायू असल्यामुळे त्यात कोलॅजन या चिवट प्रथिनाचे जाळे भरपूर असते. ते विरघळून त्याचे जिलेटिन व्हायला सत्तर अंशांच्या वरचे तापमान आणि काही तासांचा वेळ लागतो, म्हणून खांदा ९० ते ९५ अंशांपर्यंत नेला तरच तो मऊ होऊन सुटा पडतो. खांदा ६३ अंशांवर काढला तर तो चावता चावत नाही आणि लॉइन ९० अंशांवर नेला तर त्याचा भुसा होतो. 'पोर्क किती वेळ भाजायचे' या प्रश्नाला एकच एक उत्तर नसते, त्याचे पहिले कारण हे आहे.

लॉइन कोरडा का पडतो, हे समजून घेतल्यावर माझी धास्ती बरीच कमी झाली. स्नायूतल्या प्रथिनांपैकी मायोसिन साधारण पन्नास अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागते, आणि तेव्हाच मांसाचा कच्चा, लिबलिबीत पोत जाऊन ते चावायला योग्य होते. ॲक्टिन नावाचे दुसरे प्रथिन ६५ ते ७० अंशांच्या पुढे आकसते. ते आकसले की ओला कपडा पिळावा तसा मांसातला रस बाहेर पिळला जातो. चरबी आणि कोलॅजन पुरेसे असेल तर हा तोटा भरून निघतो. लॉइनमध्ये ते नसते. साठ ते पासष्ट या पाच अंशांच्या पट्ट्यात लॉइनचे सारे भवितव्य ठरते, आणि एवढा अरुंद पट्टा मिनिटांच्या हिशेबाने साधणे जवळजवळ अशक्य आहे. शिवाय वेळ वजनापेक्षा जाडीवर अधिक अवलंबून असतो. तोच लॉइन दुप्पट लांबीचा घेतला तर वजन दुप्पट होते, पण उष्णतेला कडेपासून मध्यापर्यंत तेवढेच अंतर कापायचे असल्यामुळे भाजायचा वेळ फारसा वाढत नाही.

मिठाचे काम मी आदल्या रात्रीच उरकतो आणि ते कधीही टाळत नाही. मांसाच्या वजनाच्या सव्वा टक्का, म्हणजे दोन किलोंना २५ ग्रॅम मीठ मी तराजूवर मोजून घेतो, कारण निरनिराळ्या मिठांचा एक चमचा निरनिराळ्या वजनाचा भरतो. मांस धूत नाही. धुतल्याने काहीच स्वच्छ होत नाही, उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. कागदी टॉवेलने ते टिपून घेतो, चरबीच्या थराला धारदार सुरीने तिरप्या चौकटींच्या चिरा देतो, पण सुरी खालच्या मांसात उतरू देत नाही, आणि मग सगळीकडून मीठ चोळतो. पहिल्या अर्ध्या तासात मांसाला पाणी सुटून पृष्ठभाग ओला दिसतो. काही तासांनी तेच खारट पाणी पुन्हा आत मुरते. मीठ मुरलेल्या मांसातली प्रथिने भाजताना पाणी अधिक घट्ट धरून ठेवतात, शिवाय चव वरच्या वर न राहता आतपर्यंत पोहोचते. तुकडा जाळीवर ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रात्रभर उघडाच राहू द्यावा. सकाळी त्याला हात लावून पाहिला की तो कागदासारखा कोरडा आणि किंचित ताठ लागतो. या कोरडेपणामुळेच पुढे त्यावर खरपूस रंग चढतो.

पूर्वी मी मांस भाजण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवत असे. थर्मामीटर आल्यावर एकदा मोजून पाहिले, तर तासाभरात मध्यभाग जेमतेम काही अंशांनी वर सरकला होता. एवढ्याशा फरकासाठी कच्चे मांस ओट्यावर ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आता ते फ्रिजमधून थेट ओव्हनमध्ये जाते. जाण्यापूर्वी त्याला भरडलेली मिरी, थोडी मोहरीची पेस्ट आणि असल्यास रोझमेरीची चुरडलेली पाने लावतो. लसणाच्या पाकळ्या मात्र खालच्या बाजूला बारीक चिरा करून आत खोचतो, कारण वर चोळलेला लसूण शेवटच्या कडक आचेत जळून कडू होतो.

आता भाजण्याविषयी. आधी कडक आचेवर मांसाचे तोंड बंद करावे म्हणजे रस आत कोंडला जातो, असे अनेक जण अजूनही सांगतात. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांच्या लेखनातून रूढ झाली आणि ती चुकीची आहे. भाजलेल्या कवचातूनही रस बाहेर येतच राहतो, तव्यावरचे चरचरणे हा त्याचाच आवाज असतो. कडक आच रंगासाठी आणि चवीसाठी हवी. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये जिचे वर्णन केले, ती प्रथिने आणि साखर यांच्यातली अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने होते, आणि पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडून जाईपर्यंत तिथले तापमान शंभराच्या वर जातच नाही. म्हणून मी क्रम उलटा ठेवतो: आधी मंद, शेवटी कडक.

ओव्हन १५० अंशांवर तापवून घ्यावा. ट्रेमध्ये दोन कांदे अर्धे करून ठेवावेत, पेलाभर पाणी किंवा स्टॉक ओतावा, वर जाळी बसवावी आणि चरबीची बाजू वर करून मांस जाळीवर ठेवावे. गाजर आणि आधी अर्धवट उकडलेले बटाटे दुसऱ्या ट्रेमध्ये थोड्या तेलात घोळवून खालच्या कप्प्यात सरकवावेत. त्यांच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागत नाही. दोन किलोंच्या लॉइनला साधारण सव्वा ते दीड तास लागतो, पण मी पाऊण तासानंतरच तापमान पाहू लागतो. थर्मामीटरची सळई तुकड्याच्या टोकाकडून आडवी, बरोबर मध्यापर्यंत घालावी. ती वरून खुपसली आणि चरबीत किंवा पलीकडच्या कडेला गेली तर खोटा आकडा दाखवते. थर्मामीटरवर भरवसा ठेवण्याआधी तो बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का, हेही एकदा पाहून घ्यावे. माझ्या ओव्हनची कळ १५० वर असताना आत १६५ अंश असतात, हे मला अशाच तपासणीत कळले.

मध्यभागी ५५ अंश दिसले की मी मांस बाहेर काढतो. या वेळी ते पाहून कोणालाही भूक लागणार नाही, कारण वरची चरबी फिकट आणि निस्तेज असते. ते तसेच ओट्यावर ठेवून ओव्हन २४० अंशांवर चढवायचा आणि भाज्या आतच राहू द्यायच्या. बाहेर काढलेले मांस आतून शिजतच राहते, कारण बाहेरच्या थरांतली उष्णता मध्याकडे सरकत असते. वीस मिनिटांत आकडा ५५ वरून ५९-६० पर्यंत आपोआप चढलेला मी दर वेळी पाहतो.

ही वीस मिनिटे माझ्या फार आवडीची आहेत. पाने घ्यायला, भाज्या एकदा हलवायला आणि ग्रेव्ही करायला हाच वेळ मिळतो. ट्रेमधले कांदे बाजूला काढून रस एका भांड्यात ओतला की चरबी वर तरंगते. तिचे दोन मोठे चमचे कढईत घेऊन त्यात दोन चमचे मैदा बदामी रंगावर परतावा, मग खालचा रस आणि साधारण अर्धा लिटर स्टॉक थोडा थोडा घालत गाठी मोडाव्यात. ट्रेच्या बुडाला चिकटलेली तपकिरी खरवड गरम स्टॉकने सोडवून तीही कढईत घालावी. ग्रेव्हीची निम्मी चव तिच्यातच असते. मीठ सगळ्यात शेवटी, चाखूनच घालावे. आंबट सफरचंदे थोड्या पाण्यात मऊ शिजवून घोटली तर चरबीच्या जोडीला तो आंबटपणा छान लागतो.

ओव्हन पूर्ण तापला की मांस दहा-बारा मिनिटांसाठी पुन्हा आत जाते. इथे मात्र दारासमोरून हलायचे नाही. आधी चिरांच्या कडा उचलल्या जातात, मग चौकटी फुगून सोनेरी होतात, चरबी तडतडू लागते आणि खरपूस वास घरभर पसरतो. मध्यभाग ६३ अंशांवर आला की झाले. अमेरिकेच्या कृषी विभागाने मे २०११ मध्ये अखंड पोर्कसाठीची आपली शिफारस ७१ अंशांवरून ६३ अंशांवर आणली, आणि त्यानंतर निदान तीन मिनिटे मांस तसेच राहू द्यायला सांगितले. खिम्यासाठी मात्र ७१ अंशच कायम आहेत, कारण दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. मी दहा मिनिटे थांबतो. गरम गरम कापले तर फळीवर रसाचे तळे साचते. थोडा निवल्यावर तोच रस दाटसर होऊन मांसात टिकतो.

६३ अंशांवरचे पोर्क मध्यभागी फिकट गुलाबी दिसते, आणि पहिल्यांदा असे काप वाढले तेव्हा आईने हात आखडता घेतला.

"हे आतून कच्चं नाही ना रे?"

"नाही आई, मोजून घेतलंय. रंगाकडे बघू नकोस, खाऊन बघ."

तिची शंका निराधार नव्हती. ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या भीतीने कित्येक पिढ्यांनी पोर्क पांढरेफटक होईपर्यंत शिजवले, आणि ती सावधगिरी त्यांच्या काळात योग्यच होती. हा कृमी ६३ अंशांच्या खालीच मरतो. गुलाबी रंग स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो आणि केवळ रंगावरून मांस शिजले की नाही ते ठरवता येत नाही. तरीही आईला मी आग्रह करत नाही. रोस्टची दोन्ही टोके मध्यापेक्षा अधिक शिजलेली असतात, त्यामुळे तिच्या ताटात टोकाचे काप जातात. खरपूस कडही त्यांनाच सर्वांत जास्त असते, म्हणून आता माझ्या मुलीलाही तेच हवे असतात आणि दोन टोके दोघींना वाटून द्यावी लागतात.

कापताना मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहून त्यांना आडवी सुरी चालवावी आणि काप पेन्सिलीच्या जाडीचे ठेवावेत. उरलेला रोस्ट दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा आणि तीन-चार दिवसांत संपवायचा. तो न कापता अखंड ठेवला तर कमी सुकतो. दुसऱ्या दिवशी मी तो थंडच, अगदी पातळ कापून पावाच्या दोन तुकड्यांत मोहरीच्या पेस्टबरोबर घालतो, आणि गरमच हवा असेल तर काप उकळत्या ग्रेव्हीत सोडून, ते नीट वाफाळेपर्यंत झाकून ठेवतो.