गेलेल्यांसाठी राखलेला वेळ

६ जुलै २०२५, रविवार

आज आषाढी एकादशी. अण्णांचा उपास, माझाही. दुपारी अण्णा टीव्हीवर पंढरपूर बघत बसले आणि मी वही उघडली. गेल्या काही महिन्यांपासून वहीच्या मागच्या पानांवर पाहिलेल्या सिरीजची नावं आणि दहापैकी गुण लिहून ठेवते आहे. आज जरा नीट लिहायचं ठरवलं, कारण नुसत्या आकड्यांवरून पुढे मलाच कळणार नाही की असे गुण का दिले होते.

आई गेल्या श्रावणात गेली. तेव्हापासून माझं बघणं बदललं. आधी मला गोष्ट पुढे सरकायला हवी असायची, गुन्हेगार कोण ते लवकर कळायला हवं असायचं. आता गोष्टीत कुणी मेलं की मी सावरून बसते आणि एवढंच बघते, की ह्या माणसासाठी पुढे किती वेळ ठेवला आहे. पुढच्याच दृश्यात सगळे कामाला लागले, तर माझं मन त्या सिरीजमधून उठतं. माझे गुण त्यावरूनच ठरतात, हे इथे लिहून ठेवते. (शेवट सांगितल्याशिवाय हे लिहिता येणार नाही, त्यामुळे पुढे बरंच काही उघड होईल.)

'पंचायत'चा चौथा सीझन २४ जूनला आला आणि आम्ही तीन रात्रींत आठही भाग संपवले. फुलेरा गावात निवडणूक आहे. एकीकडे मंजूदेवी, निशाणी दुधी भोपळा. दुसरीकडे क्रांतीदेवी, निशाणी प्रेशर कुकर. सगळा सीझन ह्या ओढाताणीत जातो. नीना गुप्ता, रघुबीर यादव, सगळे आपापल्या जागी उत्तम आहेत. पण पहिल्या सीझनमध्ये पंचायत ऑफिसातल्या चाकांच्या एका खुर्चीवर अख्खा भाग उभा राहिला होता आणि तो मला अजून आठवतो. सोलरचा दिवा कुणाच्या दारात लागणार एवढ्यावर माणसं जोखली जात होती. आता दोन गट आणि त्यांचे डाव, प्रतिडाव. गावाचा रिकामा वेळ कुठे गेला? तोच तर मला आवडायचा. ६.

दुसऱ्या सीझनला मात्र माझे साडेनऊ आहेत आणि ते शेवटच्या भागासाठी आहेत. प्रह्लादचाचाचा फौजी मुलगा जातो. तोपर्यंत हसतखेळत चाललेली सिरीज तिथे थांबते आणि खरोखर थांबूनच राहते. त्या प्रसंगाचं भांडवल करायला आमदार येतो, त्याला गाव आत येऊ देत नाही. प्रह्लादचाचा झालेल्या फैसल मलिकचा चेहरा आणि त्याच्याजवळ काही न बोलता बसलेली माणसं, बस्स. तिसऱ्या सीझनमध्येही लिहिणाऱ्यांनी त्याला लगेच बरं केलं नाही. वाढलेली दाढी, दारू, घरी जायची इच्छा नाही, आणि सरकारकडून आलेले पन्नास लाख. त्या पैशाचं काय करावं हे त्याला कळत नाही. आईच्या विम्याचे पैसे बँकेत जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा अण्णांनी फोन पालथा ठेवला होता आणि दोन दिवस त्याला हात लावला नव्हता. प्रह्लादचाचा मला तेव्हा नीट समजला.

१३ जुलै, रविवार

आठवडाभर झड लागली आहे. कपडे वाळत नाहीत.

'पाताल लोक'चा दुसरा सीझन जानेवारीत आला होता, मी आत्ता पाहिला. दिल्लीहून नागालँडला तपासाला गेलेला पोलीस हाथीराम चौधरी. कथेचा गुंता मला दोनदा मागे जाऊन बघावा लागला. पण मधेच त्याचा पोलीस मित्र अन्सारी जातो आणि त्यानंतर हाथीराम झालेला जयदीप अहलावत ज्या पद्धतीने चालतो, गाडीत बसतो, बोलता बोलता गप्प होतो, त्यात तो मित्र शेवटपर्यंत हजर असतो. तपास चालूच राहतो, दुःख सुट्टी घेत नाही. ८.५.

'ॲडोलसन्स'बद्दल लिहायला मात्र मला धीर गोळा करावा लागला. मार्चमध्ये आली तेव्हा सगळीकडे तिचीच चर्चा होती, आणि घरात चौदा वर्षांचा मुलगा असल्यामुळे मी टाळत होते. शेवटी त्यालाच म्हटलं, चल, दोघं मिळून बघू.

चारच भाग. प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये चित्रित केलेला, कुठेही कट नाही. इंग्लंडमधलं एक साधं घर, पहाटे शस्त्रधारी पोलीस दार तोडून आत येतात आणि तेरा वर्षांच्या जेमीला उचलून नेतात. वर्गातल्या मुलीच्या खुनाचा संशय. पलंगावर घाबरून कपडे ओले करणारं ते पोर बघून पहिल्यांदा वाटतं, चूक झाली असणार ह्यांची. भागाच्या अखेरीस सीसीटीव्हीचं चित्रण समोर येतं आणि बापाचा चेहरा बदलतो. स्टीफन ग्रॅहमने हा बाप केला आहे आणि जॅक थॉर्नबरोबर तो सिरीजचा लेखकही आहे.

कट नसल्यामुळे काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी उमगलं. एरवी दुःखाच्या प्रसंगातून कॅमेरा आपल्याला सोडवून दुसरीकडे नेतो. इथे पोलीस ठाण्यातल्या कॉरिडॉरमधून चालत जायचं तर पूर्ण चालत जावं लागतं. बाकावर वाट बघायची तर पूर्ण वाट बघावी लागते. आईला आत नेल्यावर आम्ही बाहेर बसलो होतो, तेव्हा वेळ असाच होता.

तिसरा भाग म्हणजे एका खोलीत दोन माणसं: जेमी आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, स्वतःचं अर्धं सँडविच देते. पुढचा जवळजवळ तासभर तो मुलगा गोड, लबाड, भित्रा, भयंकर असा क्षणाक्षणाला बदलत जातो. ओवेन कूपरचं हे पहिलंच काम आहे ह्यावर माझा विश्वास बसेना. शेवटी ती एकटी उरते आणि इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडते, तेव्हा मुलानेही माझा दंड सोडला. त्याने तो कधी धरला होता हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या भागात तपास अधिकाऱ्याचा मुलगा बापाला जेमीला चिडवायला वापरलेल्या एकेका इमोजीचा अर्थ समजावून सांगतो. मी शेजारी विचारलं, "तुला माहीत होतं हे?" तो म्हणाला, "थोडंसं." मग पाच मिनिटांनी, पडद्याकडेच बघत, "सगळं नाही गं, आई. पण आमच्या वर्गात एका मुलाला असंच काहीतरी म्हणतात." ती सिरीज आम्ही तिथे थांबवली आणि साडेअकरापर्यंत बोलत बसलो. त्या मुलाबद्दल, मग आणखी दोघांबद्दल, मग त्याच्याबद्दल. काय बोललो ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

एका गोष्टीसाठी मात्र मी गुण कापले, आणि ती गोष्ट सिरीजलाही माहीत आहे. ज्या मुलीचा जीव गेला ती केटी आपल्याला भेटतच नाही. तिचे आईवडील दिसत नाहीत. तिची एक मैत्रीण तेवढी शाळेत सैरभैर होऊन संतापत असते. महिला अधिकारी आपल्या सहकाऱ्याला म्हणते, की सगळ्यांना जेमी लक्षात राहील, ती मुलगी कुणाच्याच लक्षात राहणार नाही. तिचं हे म्हणणं खरं आहे, आणि ते म्हटल्यानंतरही सिरीज जेमीच्याच घरी जाते. केटीच्या वाट्याला दुसऱ्या भागाच्या शेवटी जेमीच्या बापाने ठेवलेली फुलं येतात. मला केटीच्या घरातला एक भाग हवा होता. शेवटच्या दृश्यात बाप मुलाच्या रिकाम्या पलंगावर टेडीला पांघरूण घालतो आणि मी हुंदके देऊन रडले, तरीही हवा होता. ९.

२० जुलै, रविवार

अण्णा आत्याकडे गेले होते, मुलगा क्रिकेटला. एकटीने 'चेर्नोबिल' दुसऱ्यांदा पाहिली. २०१९ची सिरीज, पाच भाग. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्यातला अणुभट्टीचा उलगडा आवडला होता. शेवटच्या भागातल्या खटल्यात शास्त्रज्ञ लेगासोव लाल आणि निळ्या पट्ट्या लावून समजावतो, की २६ एप्रिल १९८६च्या रात्री १ वाजून २३ मिनिटांनी चौथ्या भट्टीचा स्फोट का झाला. इतकं अवघड विज्ञान इतकं स्वच्छ समजावलेलं मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेलं नाही. किरणोत्सार ३.६ रॉन्टगेन असल्याचं अधिकारी एकमेकांना सांगत राहतात, कारण हातातल्या यंत्राचा काटा त्याच्या पुढे जाऊच शकत नसतो, हेही तेव्हा डोक्यात बसलं होतं.

ह्या वेळी मी ल्युडमिलाला बघत होते. तिचा नवरा वासिली अग्निशमन दलात, पहिल्या रात्री आग विझवायला गेलेला. मॉस्कोच्या इस्पितळात ती त्याला शोधत पोचते, गरोदर असल्याचं लपवते, जवळ जाऊ नकोस असं सांगूनही जवळ जाते. तिसऱ्या भागाच्या शेवटी दफन आहे. जस्ताच्या पेट्या खड्ड्यात ठेवतात आणि वरून काँक्रीट ओततात. माती नाही, काँक्रीट. ल्युडमिला नवऱ्याचे बूट हातात धरून उभी असते. कॅमेरा बराच वेळ तिथेच राहतो, आणि ते करडं, जाड ओतकाम वर चढत जातं.

आम्हाला आईच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत मिळाल्या होत्या. चपला, चष्मा, केसांचा चाप. त्या चपला अण्णांनी अजून दाराजवळच्या रॅकमध्ये ठेवल्या आहेत आणि दर रविवारी बाकीच्यांबरोबर त्याही पुसतात. मी कधी काही बोलले नाही.

शेवटी पडद्यावर खऱ्या माणसांची माहिती येते. स्फोटात सगळ्यात आधी मेलेल्या वालेरी खोदेमचुकचा देह कधीच सापडला नाही, तो अजून त्या चौथ्या भट्टीखालीच आहे. आग विझवणाऱ्यांचे कपडे शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या इस्पितळाच्या तळघरात अजून पडून आहेत आणि अजून त्यातून किरणोत्सार होतो. उलाना खोम्युक नावाची शास्त्रज्ञ खरी नव्हती, लेगासोवला मदत करणाऱ्या अनेकांच्या जागी ती उभी केली होती, हेही तिथे प्रामाणिकपणे सांगितलं आहे. घडलेल्या गोष्टीत बदल केले आहेत आणि ते मला मान्य आहेत, कारण मेलेल्यांची नावं आणि जागा सांभाळून ठेवल्या आहेत. १०. ह्या वहीतला पहिलाच.

३ ऑगस्ट, रविवार

आईचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे काल गेले. घर एकदम शांत. अण्णा म्हणाले, "ती मानवतची लाव की. तू म्हणली होतीस."

मीच टाळत होते. 'मानवत मर्डर्स' सोनी लिव्हवर गेल्या ऑक्टोबरमध्ये आली. अण्णा सेलूचे. सेलूहून रेल्वेने परभणीकडे जाताना मानवत रोड स्टेशन लागतं. १९७२ ते ७४ ह्या काळात मानवतच्या परिसरात बायकामुलींचे जे खून झाले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. काल रात्रीपासून आज दुपारपर्यंत आठही भाग झाले.

मुंबईहून तपासाला आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आशुतोष गोवारीकरांनी केले आहेत. आवाज चढवत नाहीत, घाई करत नाहीत, समोरचा बोलेपर्यंत थांबतात. सोनाली कुलकर्णीला बघून मला भीती वाटली, आणि सई ताम्हणकर ओळखू येईना. दिग्दर्शक आशिष बेंडे. बहात्तरच्या दुष्काळाची जमीन वरून दाखवली आहे, ती बघून अण्णा पहिल्यांदा बोलले. लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी, दुष्काळात वाटलेली सुकडी, खडी फोडायला गेलेले आजोबा. "मिलोची भाकर थंड झाली की दगड व्हायची बघ," म्हणाले. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

पण माझं मन पुन्हा तिथेच अडकलं. गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या लोभापायी ज्यांचे बळी गेले, त्या मुली पडद्यावर येतात त्या बहुतेक मरण्यासाठीच. तपास कसा झाला हे मला नीट कळलं, जबाब, पुरावे, मांत्रिकाचा धागा, सगळं. त्या मुली घरात कुठे झोपायच्या, कुणाबरोबर पाण्याला जायच्या, हे कळलं नाही. ७.

अण्णांना गुण विचारले तर ते काहीच बोलले नाहीत. चहा झाल्यावर अचानक म्हणाले, "आमची माय तेव्हा पदराची गाठ तुझ्या आत्याच्या परकराला मारून झोपायची."

चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. दिवे लागले की पोरींना अंगणातसुद्धा सोडत नव्हते. पाण्याला लांब जावं लागायचं, तर दुष्काळातही चार चार बायका गोळा झाल्याशिवाय कुणी घागर उचलत नव्हतं. रात्री जरा खुट्ट झालं की आजी आधी ती गाठ चाचपायची.

मी आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. क्षणभर पलीकडून आवाजच आला नाही. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं गं?" आणि मग बोलतच राहिली. तिच्या वर्गातल्या दोघींना त्या वर्षी घरच्यांनी शाळेतून काढलं, त्या पुन्हा आल्याच नाहीत. त्यांची नावं तिने सांगितली. अण्णांनाही ती आठवत होती. आजीने मारलेली गाठ रात्रभरात इतकी आवळायची, की सकाळी ती दातांनी सोडवावी लागायची, आणि आजीचा पदर दर वेळी तिथेच फाटायचा.

आत्या गणपतीला येणार आहे. तेव्हा सगळ्यांनी मिळून पहिल्या भागापासून बघायची असं ठरलं. फोन ठेवताना ती अण्णांना म्हणाली, "दिवसा बघू, दादा."