वाफसा संगणकाला कसा सांगायचा?

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी मोगड्याचा, म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढून रान उकरायच्या अवजाराचा, फण घेतला. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी काळं रान मोगडताना ट्रॅक्टर किती दमतो, ते घरी लहानपणापासून बघत आलोय. फण जमिनीशी कोणत्या कोनात बसवला तर ओढ कमी लागेल, हे लोहाराकडे फण घडवण्याआधी संगणकावर पाहायचं होतं.

पद्धत डिस्क्रीट एलिमेंटची, कंडल आणि स्ट्रॅक यांनी 1979 साली मांडलेली. माती म्हणजे असंख्य गोळे. दोन गोळे टेकले की त्यांच्यातलं बल काढायचं, मग प्रत्येक गोळा किंचित पुढे सरकवायचा, आणि पुन्हा तेच. चिकणमातीचा खरा कण 2 मायक्रॉनपेक्षाही बारीक, तो घेणं शक्यच नाही. मी 5 मिमी त्रिज्येचे गोळे घेतले. सर म्हणाले, निम्मे करून बघ. त्रिज्या निम्मी केली की गोळे आठपट होतात, वेळेची पायरीही निम्मी होते, म्हणजे गणित सोळापट. मी 5 मिमीवरच थांबलो.

खरा वेळ गेला कॅलिब्रेशनमध्ये. वाळवून चाळलेल्या मातीचा ढीग करून उताराचा कोन मोजला, मॉडेलमध्ये तसाच ढीग येईपर्यंत घर्षणाचे आकडे बदलत राहिलो. तीन आठवड्यांनी कोन तंतोतंत जुळला. मग फण ओढला, तर ओढ सॉइल बिनमधल्या (माती भरलेल्या चाचणीच्या हौदातल्या) लोडसेलनं, म्हणजे बल मोजणाऱ्या सेन्सरनं, दाखवलेल्या ओढीच्या निम्मीसुद्धा येईना. बिनमध्ये ढेकळं उठत होती. मॉडेलमधली माती मात्र वाळूसारखी घसरून तास बुजवत होती.

रात्री फोनवर आण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अरे, रान मोगडतो आपण वाफशावर, आणि तू हिशोब धरलास वाळलेल्या मातीचा?"

तिथंच अडलं होतं. वाफशातली, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशा बेताच्या ओलीची, काळी माती ढिगाला दाद देत नाही, चिकटून उभीच राहते. म्हणून त्याच ओलीला डायरेक्ट शिअर टेस्ट घेतली (मातीचा नमुना आडवा सरकवून तो किती बलाला तुटतो ते मोजायची चाचणी), गोळ्यांमध्ये तुटू शकणारे बंध घातले आणि त्यांची ताकद त्या चाचणीशी जुळवली. पहिल्यांदा पडद्यावर ढेकूळ उठलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटाच होतो, आनंदानं ओरडलो. ओढही बिनच्या जवळ आली. मग 30, 45 आणि 60 अंश तपासले. 60 ला फण माती उचलण्याऐवजी पुढं रेटत होता आणि ओढ सर्वांत जास्त होती. 30 ला सर्वांत कमी. लोहाराकडून 30 आणि 45 चेच फण घडवून घेतले.

आता चाचणी आमच्याच रानात. परवा पाऊस झाला. आण्णांनी आज मूठभर मातीचा लाडू वळून खाली टाकला. फुटला नाही, म्हणजे ओल अजून जास्त. अजून दोन दिवस थांबायचंय.