प्लेटलेटची पिशवी आणि ‘बेबी ऑफ’चा घोळ – माझा अनुभव

आमचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, वजन 1400 ग्रॅम. दहाव्या दिवशी रक्तात इन्फेक्शन निघालं, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू केलं, ते लागूही पडलं. सीआरपी (रक्तातलं इन्फेक्शन-सूज दाखवणारा आकडा) उतरला, दूध पचायला लागलं. आणि औषधाच्या बाराव्या दिवशी प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) 2 लाख 10 हजारांवरून 64 हजार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 19 हजार! तळपायावर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके. इन्फेक्शन कमी होतंय आणि प्लेटलेट पडतायत म्हणजे औषधानेच असणार, असं डॉक्टर म्हणाले, औषध बदललं आणि मला प्लेटलेटची पिशवी आणायला ब्लड बँकेत पाठवलं.

रात्री साडेदहाला काउंटरवर पोचलो. बाळाचं नाव ठेवलेलं नसतं म्हणून फॉर्मवर ‘बेबी ऑफ’ (म्हणजे ‘अमक्याचं बाळ’) पुढे बायकोचं नाव, बाळाच्या रक्ताच्या ट्यूबच्या स्टिकरवर माझं. “जुळत नाही, परत आणा.” वर गेलो तर सिस्टरांची ड्युटी बदलत होती, वीस मिनिटं दाराबाहेर उभा. परत बाळाला टोचलं, ते रक्त गोठलं, पुन्हा टोचलं. एवढ्याशा हाताला कापसाचा बोळा धरलेला मी काचेतून बघत होतो. खाली आलो तर म्हणे आईचंही सॅम्पल लागेल. अहो मग पहिल्यांदाच सांगायचं ना! बायको घरी, तिला झोपेतून उठवून सासूबाई रिक्षाने घेऊन आल्या. सव्वादोनला पिशवी हातात, बाळाला त्यातलं जेमतेम 20 मिली द्यायचं होतं. नाव तपासायलाच हवं, चुकीचं रक्त गेलं तर जिवावर बेतेल, हे मला मान्य आहे. पण काय काय लागतं ते एका दमात सांगायला काय जातं? पावणेचार तास गेले त्यात, अजून डोकं फिरतं.

म्हणून सांगतो, खाली जायच्या आधी फॉर्म आणि ट्यूब शेजारी धरून नाव, आयपी नंबर (भरती झालेल्या पेशंटचा नंबर) अक्षर न् अक्षर वाचा. आणि हो, प्लेटलेट बर्फात ठेवायच्या नसतात, मी थर्माकोलचा डबा बर्फ घालून नेला होता, टेक्निशियनने अडवलं म्हणून बरं. लिनेझोलिड दहा-बारा दिवसांच्या पुढे जाणार असेल तर सीबीसी (प्लेटलेटसकट रक्तपेशी मोजणारी तपासणी) कधी कधी होणार ते आधीच विचारा, आठवड्यातून एकदा तरी हवाच. आकडे वहीत तारखेने लिहा, माझ्या वहीमुळेच डॉक्टरांना घसरण कधीपासून ते पटकन दिसलं. स्वतःच्या मनाने औषध मात्र बंद करायला सांगू नका.

त्यानंतर नवव्या दिवशी प्लेटलेट 1 लाख 40 हजार आले, पुन्हा पिशवी लागली नाही. ठिपके त्याआधीच गेले होते.