बंगाई कार्डिनल, तिसरी खेप : सोळावा दिवस, एकवीस पिल्लं

मंडळी, बंगाई कार्डिनल या समुद्री माशाची घरी वाढवलेली पिल्लं आज एकवीस आहेत. सकाळी मोजली, ऑफिसला जाण्याआधी परत मोजली, आत्ता लिहायला बसण्याआधी तिसऱ्यांदा मोजली. या माशाचा नर अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो; त्याने चोवीस सोडली होती, त्यातली तीन पहिल्या दोन दिवसांत गेली. त्यानंतर एकही नाही. मागच्या खेपेत तेराव्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी झाली होती हे तुम्हाला आठवत असेल, म्हणून हा आकडा आधी सांगितला.

मागच्या वेळचं ते मरण डोळ्यांसमोरून जात नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी लाइट लावला आणि एक पिल्लू जागच्या जागी ताठ झालं, गिरकी घेतली, कल्ले फाकले आणि तळाशी पडलं. दहा सेकंदांचा खेळ. मग रोज दोन, रोज चार. पोटं मात्र आर्टेमियाने (पिल्लांना खायला घालतात ते खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) नारिंगी, टम्म. उपाशी मेली असती तर समजलं असतं, ही भरल्या पोटी मरत होती.

मी आधी पाण्यावर संशय घेतला. अमोनिया शून्य, खारटपणा १.०२५, तापमान २७. हीटरमधून करंट उतरतोय का म्हणून हीटर बदलला. एअरस्टोनचे बुडबुडे बारीक केले. काही फरक नाही.

लक्षणं सगळी 'सडन फ्राइट'चीच, म्हणजे दचकून अचानक मरण्याची होती आणि त्याचं कारण आपल्याला तोंडपाठ आहे : आर्टेमियात डीएचए हे पिल्लांना लागणारं मेदाम्ल जवळजवळ नसतंच. पिल्लू अंड्यातून आणलेल्या शिदोरीवर आठ-दहा दिवस काढतं, ती संपली की जरा दचकलं तरी कोसळतं. पण मी तर आर्टेमियाला डीएचए असलेलं तेलाचं इमल्शन देत होतो! पहिल्या दिवसापासून, न चुकता. म्हणून त्या दिशेने विचारच केला नाही.

चूक सापडली ती भाच्याच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपमुळे. सिस्ट (आर्टेमियाची सुकी अंडी) पाण्यात घातल्यापासून वीस तासांनी आर्टेमिया काचेवर ठेवली : सगळं अंग सारखं नारिंगी, आतडं कुठे दिसेना. तीच बाटली दहा तासांनी पाहिली तर अंगाच्या मधोमध एक बारीक गडद रेघ, आतडं भरलेलं. नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाला खाता येणारं तोंडच नसतं, ती स्वतःच्या बलकावर जगते. पहिली कात टाकली की मग खायला लागते, त्याला साधारण आठ तास लागतात. आणि मी इमल्शन घालत होतो सिस्टसोबतच, पहिल्या मिनिटाला. ते बाटलीच्या कडांना चिकटत होतं, पाणी नासवत होतं आणि पिल्लांना घालायच्या वेळी आर्टेमियाच्या पोटात त्यातलं काहीच नसायचं.

आता क्रम असा बसवलाय. रात्री नऊला सिस्ट. दुसऱ्या दिवशी रात्री टरफलं वेगळी करून आर्टेमिया धुवायची, नव्या खाऱ्या पाण्यात टाकायची, रात्रभर नुसती हवा. सकाळी इमल्शन, संध्याकाळी बारीक जाळीत फेस जाईपर्यंत धुऊन खायला. उरलेली फ्रिजमध्ये, कारण बाहेर ठेवली तर खाल्लेलं डीएचए ती स्वतःच जाळते. एक दिवसाच्या अंतराने तीन बाटल्या चालू ठेवाव्या लागतात. स्वयंपाकघराच्या ओट्याचा कोपरा आईने दिलाय, फ्रिजमधला डबा मात्र झाकणाला टेप लावून ठेवायचा या अटीवर.

इमल्शन सीलबंद बाटलीतलंच घ्या. एका दुकानातून मी सुटं भरून दिलेलं घेतलं होतं, ते उघडताच खवट वास आला. खवट तेल म्हणजे फुकट मेहनत. सुट्या पुडीतल्या सिस्टचंही तेच, निम्म्या फुटतच नाहीत आणि टरफलं पिल्लांच्या आतड्यात अडकतात. डबा महाग पडतो, पण शेवटी तोच स्वस्त.

लाइटची सवयही बदलली. रात्रभर झीरोचा बल्ब चालू, त्यामुळे सकाळी एकदम उजेड पडत नाही.

या खेपेतला सर्वात मोठा आनंद मात्र वेगळाच. पीव्हीसीच्या टोपीला भोकं पाडून काळे केबल टाय खोचले आणि टाकीत ठेवले. पाच मिनिटांत सगळी पिल्लं त्या काट्यांमध्ये, डोकं खाली करून, पांढरे ठिपके चमकवत उभी. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांच्या उथळ पाण्यात ती डायाडेमा सी अर्चिन या लांब काट्यांच्या समुद्री प्राण्याच्या काट्यांत अशीच राहतात. यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही, तरी काटे ओळखले.

याच स्वभावाने हा मासा संकटात आलाय. बहुतेक रीफ माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात, यांची मात्र बापाच्या तोंडातून सुटली की तिथेच राहतात. १९९४ साली मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड अ‍ॅलन यांना तो पुन्हा सापडला आणि पुढच्या काही वर्षांत लाखोंनी पकडला गेला. एका किनाऱ्यावरचे संपले की शेजारून येणारे कोणी नसतात. २००७ पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेला आहे. घरात वाढू शकणारा मासा समुद्रातून पकडून आणणं मला पटत नाही, म्हणून ही सगळी खटपट.

पुढचा बेत मॅंडरिन या दुसऱ्या समुद्री माशाच्या जोडीचा होता, टाकीही सायकलला (पाण्यात उपयोगी जिवाणू वाढायला) लावली होती. पण लिहिता लिहिता वाटतंय, ती टाकी या एकवीसांनाच द्यावी. मोठी झाली की भांडणार, जागा लागणार. शिवाय ही सगळी सख्खी भावंडं, यांच्याच जोड्या लावून पुढे रक्त बिघडेल. तुमच्यापैकी कोणाकडे वेगळ्या घराण्याची बंगाई असेल तर अदलाबदल करू, मी सहा द्यायला तयार आहे. मॅंडरिन पुढच्या वर्षी. त्या टाकीत आत्ता टिस्बी कोपेपॉड हे बारीक जीव वाढू द्यायचे, म्हणजे पिल्लांना वरचा खाऊ होईल आणि पुढे मॅंडरिनची सोयही.

काल संध्याकाळी नराने मायसिसकडे (त्याच्या खाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवांकडे) तोंड फिरवलं. खालचा जबडा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं : म्हणजे तोंडात पुन्हा अंडी, आणि ती असेपर्यंत उपास. अजून महिनाभर त्याने नीट खावं असं मला वाटत होतं, मागच्या उपासाची हाडं अजून दिसतात. मादीला आजच मधल्या जाळीपलीकडे ठेवली. पिल्लं सुटायला अजून साधारण महिना आहे, नवा सिस्टचा डबा उद्याच आणतो.