लोवेलमधले साचे

बॉस्टनचे चार दिवस छान गेले, पण डोक्यात राहिलंय ते लोवेल. नॉर्थ स्टेशनवरून रेल्वेने पाऊण तासावर. मेरिमॅक नदीच्या धबधब्याच्या जोरावर उभं राहिलेलं हे गिरणगाव, 1836मध्ये शहर झालं.

बूट कॉटन मिल आता संग्रहालय आहे. साचे म्हणजे गिरणीतले कापड विणायचे माग. त्या साचेखात्याच्या दारात कानात घालायला बोळे देतात. दार उघडलं आणि आवाज अंगावरच आला. 88 साच्यांपैकी मोजकेच चालू होते, तरी पायाखालची लाकडी जमीन थरथरत होती. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा डोळ्यांना दिसतच नाही, त्याचे फटके तेवढे ऐकू येतात.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यांवर होते. घरात ते कायम ओरडून बोलायचे. "घर आहे हे, खातं नाही!" म्हणून आजी चिडायची. मी एका कानातला बोळा काढून बघितला. अर्धं मिनिटसुद्धा सोसवलं नाही. त्यांनी तीस वर्षं काढली.

इथे साच्यांवर होत्या शेतकऱ्यांच्या पोरी. आठवड्याला साधारण 73 तास काम, राहायला कंपनीच्या खोल्या. 1834मध्ये मजुरी कापली म्हणून त्यांनी संप केला, 1836मध्ये राहण्या-जेवणाचे दर वाढवले म्हणून पुन्हा. कोकणातून येऊन खानावळीत जेवणाऱ्या आपल्या गिरणीवाल्यांना हा हिशेब लगेच कळला असता.

त्या पोरी विणत होत्या तो कापूस मात्र दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. इथलंच जाडंभरडं कापड त्या गुलामांच्या अंगावर जायचं, आणि त्या कापडाला तिकडे 'लोवेल'च म्हणत. हे कळल्यावर त्या देखण्या लाल विटांकडे पूर्वीसारखं बघवेना. 1861मध्ये यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला, इथल्या कित्येक गिरण्या बंद पडल्या; आणि तिकडे मुंबईचे कापूसवाले मालामाल झाले.

1978 पासून लोवेलचा हा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जपलाय. 1982च्या संपानंतर आजोबांची गिरणी पुन्हा नीट चालली नाही. आता तिथे टॉवर आहे. एखादा साचा तरी ठेवायला हवा होता, याचं मला फार वाईट वाटतं.

गावात आता कंबोडियन लोकांची मोठी वस्ती आहे. दुपारी त्यांच्याच एका हॉटेलात नूडल्सचं गरमागरम सूप घेतलं. मी नवऱ्याला आजोबांबद्दल सांगत होते. त्याने हळूच माझा हात दाबला.

"अगं, हळू बोल. सगळे बघतायत."